गाडीचा फेरफार कसा काढायचा: जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा शर्यतींचा इतिहास

"ही गाडी ल मान्सला (फ्रान्समधली चोवीस तासांची प्रसिद्ध शर्यत) धावलेली आहे" असं कुणी सांगितलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठली गाडी? समोरचा बुचकळ्यात पडतो, कारण गाडी आम्हा दोघांच्या पुढ्यातच उभी असते. पण पुढ्यात उभं असलेलं लोखंड आणि १९३० किंवा १९५६ साली चौकटीच्या झेंड्यासमोरून गेलेलं लोखंड एकच आहे का, हे ठरवणं हेच तर सगळं काम आहे. बाकी पॉलिश आणि फोटो काढणं.

मी मूळची कोल्हापूरची. शिवाजी उद्यमनगरात बाबांचं मशिन शॉप होतं. लग्नानंतर कॉव्हेंट्रीला आले, गिअर बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरी केली, आणि निवृत्त झाल्यापासून जुन्या स्पोर्ट्स गाड्यांची कागदपत्रं लावून देते. अलीकडे पुण्या-मुंबईच्या मंडळींचेही फोन येतात. कुणाच्या आजोबांची एमजी गॅरेजात आहे, कुणी लिलावात जॅग्वार घ्यायच्या विचारात आहे. प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून टाकावं म्हटलं.

जमिनीच्या व्यवहारात सातबाऱ्यावर आज नाव कुणाचं एवढंच कळतं. ते नाव तिथं कसं आलं ते फेरफाराच्या नोंदींतून काढावं लागतं, आणि मधली एक नोंद गायब असली की वकील भुवया उंचावतो. गाडीचंही तसंच. आजचं रजिस्ट्रेशन हा सातबारा. शर्यतीचा इतिहास फेरफारात असतो.

दावा आधी एका वाक्यात बसवा

वही घ्या आणि मालकाचा दावा एकाच वाक्यात लिहा. त्या वाक्यात शर्यत, तारीख, ड्रायव्हर, गाडीवर रंगवलेला नंबर आणि निकाल आलाच पाहिजे. "पन्नासच्या दशकात हिने इंग्लंडभर शर्यती मारल्या" हे कौतुक झालं. त्याला खोटंही पाडता येत नाही, म्हणून ते खरंही ठरत नाही. "ल मान्स १९५६, रॉन फ्लॉकहार्ट आणि निनियन सँडरसन, नंबर ४, पहिला क्रमांक" हा दावा. यातला प्रत्येक शब्द तपासता येतो.

तारीख महिन्यासकट लिहायला लावायचं माझं एक कारण आहे. ल मान्सची शर्यत जूनमध्ये होते हे सगळ्यांना पाठ असतं. पण १९५६ साली ती २८ आणि २९ जुलैला झाली, कारण आदल्या वर्षीच्या भयंकर अपघातानंतर पिट (शर्यतीत मधेच थांबून पेट्रोल भरायच्या, दुरुस्ती करायच्या जागा) आणि त्यांच्यासमोरचा रस्ता नव्याने बांधायचा होता. ज्या फाइलमध्ये "जून १९५६" दिसतं ती कागद पाहून लिहिलेली नाही, ऐकीव माहितीवर लिहिलेली आहे. मग तिच्यातलं पुढचं पानही मी सावधपणे वाचते.

चार नंबर, चार वेगळ्या गोष्टी

लोकांची सगळ्यात जास्त गल्लत इथं होते. गाडीला चार नंबर असतात: शर्यतीचा, नंबरप्लेटचा, चेसिसचा (म्हणजे गाडीच्या सांगाड्याचा) आणि इंजिनचा.

शर्यतीचा नंबर त्या दिवसापुरता. बेंटलीची सगळ्यात नावाजलेली गाडी 'ओल्ड नंबर वन' म्हणून ओळखली जाते, कारण १९२९ च्या ल मान्सला तिच्यावर १ होता आणि वुल्फ बार्नाटो व टिम बर्किन यांनी ती पहिली आणली. पुढच्या वर्षी बार्नाटोने ग्लेन किड्स्टनबरोबर त्याच गाडीत पुन्हा ल मान्स जिंकलं तेव्हा तिच्यावर ४ होता. नाव मात्र 'नंबर वन'च राहिलं. तेव्हा "आमच्या गाडीवर ४ आहे आणि विजेत्या गाडीवरही ४ होता" यात रंगाऱ्याच्या ब्रशाशिवाय काहीही सिद्ध होत नाही.

नंबरप्लेट जास्त बोलकी. ब्रिटनमध्ये १९०४ पासून गाड्यांची नोंद जिल्हावार होत होती आणि प्लेटवरच्या अक्षरांवरून पासिंग कुठलं ते कळतं. 'ओल्ड नंबर वन'ची प्लेट एमटी ३४६४. एमटी म्हणजे मिडलसेक्स, कारण बेंटलीचा कारखाना लंडनच्या उत्तरेला क्रिकलवुडला होता. तीन अक्षरं असतील तर शेवटची दोन पाहायची. जॅग्वारच्या १९५४ च्या डी-टाइप गाड्यांवर ओकेव्ही १, ओकेव्ही २, ओकेव्ही ३ अशा प्लेटा होत्या. केव्ही म्हणजे आमचं कॉव्हेंट्री. १९५६ ची विजेती डी-टाइप एमडब्ल्यूएस ३०१ आणि १९५७ ची आरएसएफ ३०१. डब्ल्यूएस आणि एसएफ ही दोन्ही अक्षरं एडिंबराची, कारण या दोन्ही गाड्या जॅग्वार कंपनीने नव्हे, एकुरी इकॉस या स्कॉटिश खासगी संघाने उतरवल्या होत्या. त्यांचं गॅरेज एडिंबराच्या मर्चिस्टन म्यूज गल्लीत होतं. ऑस्टिन-हीलीच्या एनओजे ३९३ मधलं ओजे बर्मिंगहॅमचं. मिनी कूपर जरी स्पोर्ट्स कार म्हणता येत नसली तरी १९६४ च्या माँटे कार्लो रॅलीची विजेती ३३ ईजेबी उदाहरण म्हणून चांगली: जेबी म्हणजे बर्कशर, आणि बीएमसीचा (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, ऑस्टिन आणि एमजी जिच्यात होत्या ती कंपनी) शर्यत विभाग बर्कशरमधल्या ॲबिंग्डनला एमजीच्या कारखान्यात होता.

पण प्लेटवर जीव लावू नका. दोन स्क्रू काढले की ती दुसऱ्या गाडीवर बसते. परदेशी शर्यतीला निघताना सीमेवरचे कागद एका गाडीचे आणि चालू स्थितीत दुसरी, असं झालं की संघ सरळ प्लेट हलवत. रॅलीच्या गाड्यांत तर बॉडी चेपली की नवी बॉडी येई आणि जुनी प्लेट तिच्यावर चढे. प्लेट हा माग आहे. पुरावा नव्हे.

राहिला चेसिस नंबर, आणि तो वाचायलाही हात लागतो. सँडपेपर किंवा वायर ब्रश घेऊन त्याच्याजवळ जाऊ नका. रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने तेल-माती पुसा, टॉर्च समोरून न धरता बाजूने, पृष्ठभागाला जवळजवळ टेकवून धरा, आणि आरटीओसाठी काढतो तसा पातळ कागद ठेवून पेन्सिल प्रिंट घ्या. इथल्या मंडळींना ही आपली पेन्सिल प्रिंटची पद्धत फार आवडते. फोटोत न दिसणारा खोडलेला आकडा कागदावर उमटतो. प्रिंट घेतल्यावर आकड्यांची ठेवण पाहा. त्या काळी पंच हाताने ठोकत, त्यामुळे आकडे थोडे वरखाली, एखादा खोल, एखादा उथळ असणारच. बाबा म्हणायचे, हाताने ठोकलेला पंच सरळ रेषेत आला तर समज ठोकणाऱ्याने पट्टी लावलीय, आणि पट्टी तोच लावतो ज्याला कुणी बघेल याची भीती आहे. शिवाय ४ चं डोकं उघडं की बंद, ३ गोल की वर सपाट, हे त्याच कारखान्याच्या, त्याच वर्षाच्या, वादात नसलेल्या दुसऱ्या गाडीच्या प्रिंटशी ताडून पाहा. आजूबाजूला ग्राइंडरचे ओरखडे आणि मधेच पातळ झालेला पत्रा दिसला तर तिथं पूर्वी दुसरा आकडा असण्याची शक्यता धरा. रिव्हेट मारून बसवलेली पितळी किंवा ॲल्युमिनियमची नावपट्टी सगळ्यात कमी भरवशाची. ती कुणीही पोस्टाने मागवू शकतो.

कुठल्या कारखान्याने आकडे कुठून सुरू केले तेही माहीत हवं. एमजीच्या बऱ्याच मॉडेलांचा पहिला चेसिस नंबर ०२५१ असे. का, तर ॲबिंग्डनच्या कारखान्याचा टेलिफोन नंबर २५१ होता. त्यामुळे कुणी त्या काळच्या एमजीचा '०००१' दाखवला तर खुर्ची थोडी मागे सरकवून बसावं.

इंजिन नंबर जुळला नाही म्हणून हिरमुसू नका. शर्यतीच्या गाडीचं इंजिन बदलणारच. उलट चोवीस तासांच्या शर्यती केलेल्या गाडीत कारखान्यातलंच इंजिन, तोच गिअरबॉक्स, तोच ॲक्सल, सगळं जसंच्या तसं आहे असं कुणी सांगितलं, तर एक तर ती फार धावली नाही, किंवा कुणीतरी नंतर निवांत बसून सगळे आकडे जुळवलेत.

दोन टोकांकडून खोदा

कागद दोन बाजूंनी शोधायचे. एक वाट आजच्या मालकाकडून मागे जाणारी, दुसरी कारखान्याच्या दारातून पुढे येणारी. दोन्ही मध्ये भेटल्या पाहिजेत.

मागे जाताना पहिला थांबा लॉगबुकाचा. ब्रिटनमध्ये १९२१ पासून गाडीला नोंदवही मिळू लागली आणि तिच्यात मालकांची नावं, पत्ते, शिक्के एकाखाली एक येत. जुनी वही सापडली तर ती सोन्याच्या मोलाची. नाही सापडली तर १९७० च्या दशकात नोंदी स्वान्झीच्या मध्यवर्ती कार्यालयात जाण्याआधीची जिल्ह्यांची रजिस्टरं बघायची. काही जिल्ह्यांच्या अभिलेखागारात आहेत, काही ड्रॉइटविचच्या किटहेड ट्रस्टकडे जपलेली आहेत, आणि काही जिल्ह्यांनी ती चक्क फेकून दिली. स्वान्झीहून आधीच्या मालकांची माहिती हवी असेल तर व्ही ८८८ अर्ज भरावा लागतो आणि कारण सांगावं लागतं. "कुतूहल" हे कारण म्हणून चालत नाही.

पुढे येताना कारखान्याच्या नोंदी. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट, ऑस्टिन-हीलीसारख्या बीएमसीच्या गाड्यांसाठी गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम. इथून मिळणाऱ्या दाखल्यात चेसिस, इंजिन, बॉडी यांचे नंबर, तयार झाल्याची तारीख, मूळ रंग, आणि गाडी कुठल्या विक्रेत्याकडे गेली एवढं असतं. म्हणजे गाडी दारातून बाहेर पडली त्या क्षणाचं चित्र. नंतर तिचं काय झालं, यावर तो दाखला गप्प असतो. विक्रेते तो फ्रेम करून लावतात आणि बघणाऱ्याला वाटतं शर्यतीचाच दाखला आहे. जुन्या बेंटलींच्या बाबतीत नशीब चांगलं, कारण कंपनीच्या सर्व्हिस नोंदी टिकल्या आहेत: कधी कुठला भाग बदलला, कधी गाडी कारखान्यात परत आली. बेंटली ड्रायव्हर्स क्लब १९३६ चा, आणि व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब त्याच्याही दोन वर्षं आधीचा. या क्लबांत एकेका मॉडेलचा रजिस्टर सांभाळणारा एक तरी म्हातारा असतो. त्याला पत्र लिहा. ईमेल नको, पत्र. आणि गाडीचा एक बरा फोटो घाला. चार पानी उत्तर येतं.

शर्यतींच्या नोंदींसाठी ऑटोकार, मोटर, १९२४ पासूनचं मोटर स्पोर्ट आणि १९५० पासूनचं ऑटोस्पोर्ट ही साप्ताहिकं-मासिकं. निकालाच्या बातमीइतक्याच मागच्या पानांवरच्या छोट्या जाहिराती वाचा. "संघाची माजी गाडी, इंजिन नुकतंच उघडून केलेलं, बदल्यात सलून गाडी चालेल" अशी तीन ओळींची जाहिरात मला कुठल्याही जाडजूड कॅटलॉगपेक्षा जास्त सांगते, कारण ती लिहिणाऱ्याला तेव्हा फक्त गाडी खपवायची होती. इतिहास विकायची अक्कल तोवर कुणाला आली नव्हती.

साखळी तुटते ती नेमकी या स्वस्ताईच्या काळात. दोन हंगाम झाले की शर्यतीची गाडी जुनी होई, मग ती हौशी पोरांच्या हाती लागे, शेडमध्ये पडे, तिचं इंजिन दुसऱ्या गाडीत जाई. एनओजे ३९३ चंच बघा. ही १९५५ च्या ल मान्सला लान्स मॅकलिनची गाडी. हॉथॉर्नच्या जॅग्वारला चुकवताना मॅकलिन डावीकडे आला, मागून लेव्हेघची मर्सिडीज मॅकलिनच्या गाडीच्या मागच्या भागावर चढून प्रेक्षकांत गेली, आणि लेव्हेघसह ऐंशीहून जास्त माणसं मेली. मोटर शर्यतींच्या इतिहासातला सगळ्यात काळा दिवस. तीच गाडी १९६९ साली १५५ पौंडांना विकली गेली होती. २०११ च्या डिसेंबरात बॉनहॅम्सच्या लिलावात तिला ८,४३,००० पौंड आले. १५५ पौंडांच्या वस्तूच्या पावत्या कोण जपून ठेवतो? म्हणून चाळीस ते सत्तरच्या दशकांतली दरी दिसली की घाबरू नका, पण ती दरी कागदावर दरी म्हणूनच दाखवा.

छापील कार्यक्रमपत्रिकेबद्दल एक सावधगिरी. तिच्यात नावं असतात ती प्रवेश घेतलेल्यांची. प्रत्यक्ष कोण धावलं, कुठल्या गाडीत धावलं, हे निकालपत्रकातून आणि शर्यतीच्या वृत्तांतातून काढावं लागतं. गुडवुडच्या १९५९ च्या टुरिस्ट ट्रॉफीची पत्रिका बघाल तर स्टर्लिंग मॉस आणि रॉय साल्व्हाडोरी एका ॲस्टन मार्टिन डीबीआर १ मध्ये, कॅरल शेल्बी आणि जॅक फेअरमन दुसरीत. शर्यतीत मॉसच्या गाडीला पिटमध्ये पेट्रोल भरताना आग लागली. संघाने दुसरी गाडी आत बोलावली, मॉस तिच्यात बसला आणि जिंकला. ॲस्टन मार्टिनला त्या वर्षीचं जागतिक स्पोर्ट्स कार अजिंक्यपद त्यावरच मिळालं. आता विजय कुठल्या गाडीचा? डीबीआर १/२ चा (म्हणजे डीबीआर १ च्या दुसऱ्या चेसिसचा), जी तीन महिन्यांपूर्वी ल मान्सही जिंकली होती. जळाली ती डीबीआर १/३. नुसत्या पत्रिकेवरून मॉसच्या नावाचा विजय जळालेल्या गाडीच्या खात्यावर चढवणारे भेटतात.

म्हाताऱ्या मेकॅनिकांच्या गोष्टीही लिहून घ्या, हसून सोडू नका. १९२३ च्या पहिल्या ल मान्सला जॉन डफ आणि फ्रँक क्लेमंटच्या तीन लिटर बेंटलीची टाकी दगडाने फुटली, डफ पळत पिटपर्यंत आला आणि क्लेमंट सायकलवर पेट्रोलचे डबे घेऊन गाडीपर्यंत गेला, ही गोष्ट ऐकायला पक्की थाप वाटते. पण ती घडलेली आहे, आणि एवढं होऊनही ते चौथ्या स्थानी आले. गोष्ट रंगीत आहे म्हणून खोटी नसते, आणि साधी आहे म्हणून खरी नसते.

फोटो बघायचे ते गाडी सोडून

फोटोत आधी गाडी पाहू नका. आजूबाजूला पाहा. पिटची इमारत जुनी की नवी? ल मान्सला नवी इमारत १९५६ पासूनची. मग गाडीकडे या, पण तिच्या चेहऱ्याकडे नको, काचेकडे. १९५६ साली ल मान्सच्या नियमांनी पूर्ण रुंदीची पुढची काच सक्तीची केली. डी-टाइपचं मूळ रूप फक्त ड्रायव्हरभोवती वळणाऱ्या काचेचं. तेव्हा अर्धी काच असलेला फोटो "१९५६ ल मान्स" म्हणून दाखवला तर तो १९५६ चा ल मान्स नव्हे.

यानंतर बारीक खुणा. बॉनेटवरच्या झरोक्यांच्या रांगा, पेट्रोलच्या झाकणाची जागा, पट्ट्यांची बकलं, रिव्हेटच्या ओळीत एखादा चुकलेला रिव्हेट, दुरुस्त केलेला पोचा. रंग बदलतो, नंबर बदलतो, पण हाताने बनवलेल्या ॲल्युमिनियमच्या बॉडीतला वाकडा रिव्हेट तिथंच राहतो. एकाच संघाच्या तीन गाड्या वेगळ्या ओळखायच्या तर हाच रस्ता. फ्लोरिडातल्या रेव्ह्ज इन्स्टिट्यूटचा मोठा फोटोसंग्रह घरबसल्या बघता येतो. ब्युलीच्या नॅशनल मोटर म्युझियमला आणि वेब्रिजच्या ब्रुकलँड्स म्युझियमला लिहून मागवता येतं. फोटोच्या मागचा छायाचित्रकाराचा शिक्का आणि पेन्सिलचा आकडा यांचीही प्रत मागा.

'ओल्ड नंबर वन' आणि न्यायाधीश

या धंद्यात शिरणाऱ्या प्रत्येकाला मी एक खटला वाचायला सांगते.

ती एमटी ३४६४, चेसिस एलबी २३३२, दोनदा ल मान्स जिंकून थांबली नाही. १९३० नंतर बेंटलीने कंपनी म्हणून शर्यती सोडल्या, १९३१ ला कंपनीच बुडून रोल्स-रॉइसकडे गेली, पण गाडी बार्नाटोच्या गोटात धावतच राहिली. १९३१ साली जॅक डन्फी आणि सिरिल पॉल यांनी ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवरची ५०० मैलांची शर्यत तिच्यात जिंकली. पुढच्या वर्षी तिच्यात आठ लिटरचं इंजिन बसवलं. २४ सप्टेंबर १९३२ ला त्याच शर्यतीत जॅकचा भाऊ क्लाइव्ह डन्फी ती चालवत असताना गाडी उंच बँकिंगच्या (वळणावर तिरप्या उचललेल्या ट्रॅकच्या) कडेवरून पलीकडे गेली आणि क्लाइव्ह जागीच गेला. मग गाडी रस्त्यावर चालवायची बंद कूपे म्हणून पुन्हा उभी राहिली. आणखी काही दशकांनी, दुसऱ्या मालकाकडे, तिच्यावर पुन्हा ल मान्सच्या धाटणीची उघडी बॉडी चढली.

१९९० साली तिचा सुमारे १ कोटी पौंडांचा सौदा झाला. घेणाऱ्या कंपनीने मग हात आखडता घेतला: ही खरी 'ओल्ड नंबर वन' नाहीच. विकणारा कोर्टात गेला. न्यायमूर्ती ऑटन यांच्यासमोर तज्ज्ञांची रांग लागली, एकेका भागाची वंशावळ निघाली, आणि १९२९ च्या ल मान्सला होते त्यातले फारच थोडे भाग गाडीत उरलेले निघाले.

निकालात न्यायमूर्तींनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. या गाडीला 'मूळची, जशीच्या तशी' म्हणता येणार नाही, कारण ती कुठल्याही एका दिवशी होती तशी आज नाही. पण ती अस्सल आहे. कारण १९२९ पासून आजपर्यंत तिचं अस्तित्व कुठं तुटलेलं नाही, प्रत्येक बदल आधीच्या गाडीवर झाला, आणि 'ओल्ड नंबर वन' या नावावर हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. विकणारा जिंकला.

मला या निकालातलं सगळं पटत नाही. कारखान्यात तीस वर्षं कॅलिपर हातात घेऊन काढल्यावर, अर्ध्याहून जास्त भाग बदललेल्या वस्तूला तेच नाव द्यायला हात जरा अडखळतो. पण काम कसं करायचं ते त्यातून स्वच्छ कळतं. "किती टक्के लोखंड जुनं" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न, गाडी म्हणून हिचं अस्तित्व कुठं तुटलं का, आणि दुसरा कुणी हक्कदार आहे का. म्हणून तुमच्या फाइलमध्ये एक पान फक्त बदलांचं ठेवा: साल, काय काढलं, काय घातलं, काढलेलं कुठं गेलं. शेवटचा रकाना कुणीच भरत नाही, आणि भांडणं तिथूनच उगवतात.

एक चेसिस नंबर, दोन गाड्या

कारण काढलेले भाग मरत नाहीत. अपघातात वाकलेली फ्रेम काढून कारखान्याने नवी घातली, वाकलेली कुणा मेकॅनिकने कोपऱ्यात ठेवली. चाळीस वर्षांनी गाड्यांच्या किमती आभाळाला भिडल्यावर त्याच्या नातवाने ती फ्रेम सरळ करून तिच्यावर अख्खी गाडी बांधली. आता एकाच नंबरच्या दोन गाड्या, आणि दोघांकडे थोडं थोडं खरं. अशा वेळी मी निवाडा करत नाही. दोन्हींचे फेरफार वेगळे लिहिते आणि त्या कुठल्या वर्षी फुटल्या ते वर्ष ठळक करते. बहुतेकदा भाग एकत्र आणून दोन मालकांत तडजोड होते. तीही लेखी हवी.

याहून साधा घोळ कारखान्यांनीच वाढवला आहे. जॅग्वारने १९६३ साली हलक्या वजनाच्या १८ ई-टाइपसाठी नंबर राखले, त्यातल्या १२ बांधल्या. उरलेल्या ६ त्यांनी २०१४ पासून, राखलेल्या त्याच नंबरांवर, नव्याने बांधल्या. फेब्रुवारी १९५७ मध्ये ब्राउन्स लेनच्या कारखान्याला लागलेल्या आगीत नऊ एक्सकेएसएस (डी-टाइपचं रस्त्यावर चालवायचं रूप) गेल्या. त्याही नंतर नऊ नव्या करून दिल्या. यात फसवणूक काही नाही, सगळं जाहीर आहे. पण पन्नास वर्षांनी यातली एखादी गाडी तिसऱ्या-चौथ्या मालकाकडे असेल आणि माहितीपत्रक हरवलेलं असेल तेव्हा गंमत येईल. म्हणून नंबरासोबत बांधणीचं वर्ष लिहायची सवय आत्ताच लावा.

एमजी के३ चा प्रकार आणखी वेगळा. कारखान्याने त्या फक्त ३३ बांधल्या. १९३३ च्या मिले मिग्लियात (इटलीतली हजार मैलांची रस्त्यावरची शर्यत) त्यांनी आपला गट जिंकला, त्याच वर्षी नुव्होलारीने अल्स्टरची टुरिस्ट ट्रॉफी के३ मध्ये जिंकली. तिच्या साध्या बहिणींवर के३ ची बॉडी चढवून पुष्कळ गाड्या नंतर तयार झाल्या. चालवायला त्या झकास असतात. फक्त विकताना 'के३' नंतरचा 'रेप्लिका' (नक्कल) हा शब्द मालकाच्या तोंडून गळतो.

आणि हो, आंतरराष्ट्रीय मोटर महासंघाचा (एफआयए) ऐतिहासिक तांत्रिक पासपोर्ट कुणी तोंडावर धरला तर शांतपणे परत द्या. गाडी त्या काळच्या तांत्रिक नियमांत बसते एवढंच तो सांगतो. हुबेहूब नकलेलाही तो मिळू शकतो.

गाडी महाराष्ट्रात असेल तर

"जुहूला धावली होती" हा दावा आपल्याकडे ठरलेला. जुहूच्या धावपट्टीवर शर्यती होत हे खरं, म्हणून तर तो दावा सोपा. तेव्हाची मुंबईची इंग्रजी वर्तमानपत्रं काढून बघा, आयोजकांचं निकालपत्रक कुणाच्या ट्रंकेत असेल तर शोधा, आणि जुनी बीएमवाय वगैरे प्लेट, विम्याची पॉलिसी, आयातीचे कागद एकत्र ठेवा. बऱ्याच एमजी कुठल्याशा साहेबाने मागे सोडल्या किंवा संस्थानिकाने मागवल्या असं सांगितलं जातं. साहेबाचं नाव चेसिस नंबरासकट कागदावर असेल तरच फाइलमध्ये घ्या. २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीला व्हीए मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो. तो जरूर घ्या, पण त्यावर आरटीओचा शिक्का असला तरी शर्यतीबद्दल त्यात अक्षर नसतं.

फाइल लिहिताना

प्रत्येक विधानापुढे मी कंसात एक खूण करते: का, फो किंवा सां. कागद, फोटो, सांगोवांगी. एकाच विधानापुढे 'का' आणि 'फो' दोन्ही आले की मी ते ठाम वाक्यात लिहिते. एकटा 'सां' असेल तर "मालकाच्या कुटुंबात असं सांगितलं जातं" इथपासून सुरुवात करते, मग मालक कितीही नाराज होवो. लिलावाच्या कॅटलॉगला मी कागद धरत नाही. त्यात छापलेल्या मूळ कागदाच्या फोटोला धरते. दरी असेल तिथं दोन तारखा लिहून मधली जागा कोरी सोडते.

फाइलच्या तीन प्रती करा. एक गाडीसोबत, पण गाडीत नव्हे. गॅरेजला आग लागली तर दोन्ही जातात. दुसरी क्लबच्या रजिस्टरवाल्या म्हाताऱ्याला पोस्टाने. तिसरी घरी कपाटात, पेन्सिल प्रिंटच्या मूळ कागदांसकट, आणि त्या प्रिंटच्या मागे तारीख, जागा आणि प्रिंट काढणाऱ्याची सही.